मैदानामागचे घर

शाळेच्या क्रीडास्पर्धांचा बक्षीस समारंभ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. मैदानावर चुन्याच्या रेघा आखलेल्या असतात, टेबलावर चषक मांडलेले असतात, आणि पाहुणे हारतुऱ्यांतून मोकळे होऊन भाषणाला उभे राहतात. त्या भाषणात एक वाक्य हटकून येते. "खेळाडू हा जन्मावा लागतो." टाळ्या पडतात. ज्याला बक्षीस मिळाले त्याचे आईबाप सुखावतात. ज्याला मिळाले नाही त्याचे आईबापही एका परीने सुटतात. आपल्या पोरात ते नव्हतेच, म्हणजे मग आपलेही काही चुकले नाही!

बत्तीस वर्षे मी एका तालुक्याच्या गावी शाळेत पी.टी.चा शिक्षक होतो. हे वाक्य मी ऐकले, आणि खोटे कशाला बोलू, अनेकदा स्वतःही म्हटले. आज मात्र त्या वाक्याची थोडी झडती घ्यावी असे मनात आहे. अंगची देणगी नसतेच असे माझे म्हणणे नाही. कुणाच्या पायांत वेग असतो, कुणाच्या नजरेत नेम असतो, हे उघड आहे. परंतु बी चांगले असले म्हणजे पीक आलेच असे कोणता शेतकरी म्हणेल? जमीन कशी, पाणी किती, राखण कोणी केली, हे तो आधी विचारील. खेळाच्या बाबतीत ही जमीन म्हणजे समाज, पाणी म्हणजे शाळा, आणि राखण करणारे म्हणजे आईबाप.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. आपण हे मोठ्या अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. पण त्या पदकामागे कोण कोण उभे होते, ते जरा मोजून पाहा.

पहिले त्यांचे वडील, दादासाहेब. ते स्वतः पैलवान होते. म्हणजे लंगोट, लाल माती, जोर-बैठका या गोष्टी त्या घरात परक्या नव्हत्या. मुलगा आखाड्यात उतरला तर "अभ्यास सोडून हे काय?" असे विचारणारे ते घर नव्हते. दुसरी शाळा. कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. तिसरे ते कोल्हापूर शहर. तिथे राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला होता आणि खासबागेचे मैदान उभारले होते. पेठेपेठेत तालीम होती. अशा गावात पैलवानाला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत लढलेला हा गडी तिथे मॅटवर लढला आणि सहावा आला.

आणि चौथे, १९५२ सालचे प्राचार्य खर्डेकर. हेलसिंकीला जायचे तर पैसा हवा होता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, तरी ती पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाच्या या प्राचार्यांनी स्वतःचे राहते घर ७००० रुपयांना गहाण टाकले. श्रोतेहो, विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य! त्या पदकाच्या धातूत एका घराच्या विटाही आहेत, असे मला नेहमी वाटते.

आणि जिथे कोणी मागे उभे नव्हते, तिथे काय झाले तेही सांगतात. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेल्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न घेता खाशाबांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला उतरावे लागले. नियमावर बोट ठेवून "थांबा" म्हणणारा आपला एकही अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. इशीला सुवर्ण मिळाले, सोव्हिएत मल्लाला रौप्य. दंडातली ताकद तीच होती. उणा पडला तो शेजारी उभा राहणारा माणूस.

यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटाला लिएंडर पेस याने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. आता त्याचे घर बघा. वडील वेस पेस हे १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते, शिवाय डॉक्टर. आई भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार. ज्या घरात ऑलिंपिकचे पदक कपाटात ठेवलेले आहे, त्या घरातल्या मुलाला ऑलिंपिक म्हणजे काही चंद्रावरची गोष्ट वाटत नाही. ती वडिलांनी केलेली गोष्ट असते. एका खेड्यातल्या पैलवानाचा मुलगा आणि एका डॉक्टर खेळाडूचा मुलगा. परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर. पण एक गोष्ट दोघांत सारखी होती. दोघांच्याही घरात खेळ हा आगंतुक पाहुणा नव्हता, घरचा माणूस होता.

कुणी म्हणेल, प्रत्येकाचे वडील पैलवान किंवा हॉकीपटू कुठून असणार? रास्त प्रश्न आहे. म्हणून तिसरे घर बघू. सचिन तेंडुलकरचे वडील रमेश तेंडुलकर हे कवी आणि मराठीचे प्राध्यापक. आई विमा महामंडळात नोकरीला. घरात पुस्तके, फलंदाजीचा वारसा नाही. पण मोठ्या भावाची, अजितची, नजर धाकट्यावर होती. त्याने त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेले. सरांनी सांगितले, शाळा बदला. ज्या शाळेत क्रिकेट आहे तिथे घाला. वांद्र्याची शाळा सोडून मुलगा दादरच्या शारदाश्रमात आला. वांद्र्याहून रोज जाण्यायेण्यात वेळ जातो, मूल थकते, म्हणून तो मैदानाजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे राहू लागला. प्राध्यापक वडिलांनी "आधी मॅट्रिक, मग बाकीचे" असा हट्ट धरला असता तर? तो धरणे त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला अगदी साजेसे होते. त्यांनी तो धरला नाही. १९८८ सालच्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी केली, ती साऱ्या जगाला माहीत आहे. पण त्या भागीत काकूंनी वाढलेली ताटे आणि भावाने केलेले हेलपाटे धावफलकावर कुठेच नसतात.

इथे शाळेचा मुद्दा येतो. मुंबईत शालेय मुलांसाठी हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे चालत आल्या. शिडीची पहिली पायरीच शाळेच्या दाराशी होती. मैदान, शिकवणारा माणूस, आणि दरवर्षी ठरल्या वेळी होणारी स्पर्धा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मुले वर चढतात. यांतली एक जरी नसली तरी शिडी लटपटते. आता आपल्या तालुक्याच्या शाळा आठवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे लिहून ठेवले. पण कागदावरचे क्रीडांगण आणि पायांखालचे क्रीडांगण यांत फरक असतो. आणि मैदान असले, तरी पी.टी.चा तास हा गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठीच असतो, अशी पुष्कळ शिक्षकांची प्रामाणिक समजूत आहे. मी शिक्षकांच्या खोलीत बसलेला माणूस आहे, म्हणून हे घरचे गुपित सांगतो.

शाळेकडून अजाणता होणारा आणखी एक अन्याय सांगतो. वयोगटाच्या स्पर्धा असतात, १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील अशा. समजा वय मोजण्याची तारीख १ जानेवारी आहे. एक मुलगा जानेवारीत जन्मला, दुसरा त्याच वर्षी डिसेंबरात. कागदावर दोघे एकाच गटाचे. पण प्रत्यक्षात एक जण जवळजवळ वर्षाने थोरला. बाराव्या-तेराव्या वर्षी एका वर्षात मूल किती वाढते, हे आईला विचारा. साहजिकच थोरला उंच दिसतो, जोराने पळतो, संघात निवडला जातो. निवडला म्हणून त्याला सराव मिळतो, सामने मिळतात, कौतुक मिळते, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. डिसेंबरचा मुलगा मात्र "आपल्यात नाही ते" असे समजून घरी बसतो. कॅनडात १९८० च्या दशकात हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा मोठा आढळला. पुढे फुटबॉलसारख्या इतर खेळांतही हेच दिसले. आता सांगा, इथे जन्मावा लागतो तो खेळाडू, की जन्मावे लागते ते जानेवारीत?

मग समाज. पालवणकर बाळू यांचे नाव नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मलेले हे डावखुरे गोलंदाज. पुण्यात क्रिकेटच्या मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर ते होते, आणि नेटमध्ये साहेब लोकांना चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी घडली. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते. पण मैदानावर ज्यांच्या हातचा चेंडू चालत होता, त्यांचा चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाकडून त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, आणि तेही केवढ्या वादानंतर. बाळूंची गुणवत्ता कुणी नाकारली नव्हती. तिच्यापुढे जे दार होते, ते दुसऱ्या कुणाच्या हातात होते.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर ब्रिटनचे एक अलीकडचे उदाहरण देतो. तिथे शेकड्याला सातच्या आसपास मुले खासगी शाळांत शिकतात. पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या ब्रिटिश खेळाडूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश अशा शाळांतून आलेले होते. त्या शाळांकडे हिरवी मैदाने होती, होड्या होत्या, शिकवणारे होते. बाकीच्या त्र्याण्णव मुलांच्या पायांत वेग नव्हता असे कोण म्हणेल?

आता तुमच्या मनात एक शंका उभी राहिली असेल. "अहो, पण खरे खेळाडू तर गरिबीतूनच येतात! तो अविनाश साबळे बघा, ती कविता राऊत बघा." बरोबर आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. आईबाप कष्टकरी, शाळा सहा किलोमीटरवर, आणि तो ती पळत गाठायचा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी पाड्यावरची मुलगी, अनवाणी पळणारी. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. अविनाशने २०२२ साली बर्मिंगहॅमला स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि २०२३ साली हांगझोऊला आशियाई सुवर्ण.

पण पुढचा भाग आपण विसरतो. अविनाश बारावीनंतर लष्करात गेला. तिथे त्याला जेवण मिळाले, पगार मिळाला, शर्यतीची संधी मिळाली, मार्गदर्शक मिळाला. कविताला नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग भेटले. म्हणजे जे घर देऊ शकत नव्हते, ते कुणीतरी दुसऱ्याने दिले. गरिबीने खेळाडू घडवला नाही. गरिबीतल्या एका खेळाडूला वेळेवर हात मिळाला. दुसरे असे की, पळायला पाय लागतात. रायफल, रॅकेट, पोहण्याचा तलाव यांना पैसा लागतो. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते हे. स्वप्नीलचे वडील शिक्षक. २००९ साली त्यांनी मुलाला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, आणि पुढे रेल्वेच्या नोकरीने त्याला आधार दिला. घर, शाळा आणि सरकार, तिघांचे हात लागले तेव्हा कुठे कांबळवाडीहून पॅरिसची वाट निघाली.

आता मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही असा पुष्कळ विचार केला. पण त्याशिवाय हे भाषण अपुरे राहील.

माझ्या शाळेत आठवीत एक मुलगी होती. वाडीवरून यायची. आठशे मीटर अशी पळे की मुलेही मागे पडत. जिल्ह्याला पहिली आली. मी संध्याकाळी शाळा सुटल्यावर सराव ठेवला. आठ-दहा दिवस ती आली, मग येईनाशी झाली. एके दिवशी तिचे वडील आले, टोपी हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "सर, सराव संपस्तोवर शेवटची एस.टी. निघून जाते. पोरीला अंधारात चालत कशी येऊ देऊ?" मी त्यांना सांगितले, "खेळायचं असेल तर एवढं करावंच लागतं." ते काही बोलले नाहीत. मुलगी पुन्हा आली नाही. शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना सांगितले, पोरीत गुण होते, पण जिद्द कमी पडली. आणि आईबापांना कदर नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी एस.टी. स्टँडवर ती भेटली. कडेवर मूल होते. वाकून नमस्कार केला. बोलता बोलता मी म्हणालो, "तू खेळायचं सोडलंस, फार वाईट वाटलं मला." तर ती हसून म्हणाली, "सर, सराव सकाळी ठेवला असतात तर मी आले असते की. सकाळी सहाची गाडी होती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र पुढे कितीतरी दिवस झोप लागली नाही. सकाळची गाडी होती! मी विचारलेच नव्हते. तिचे वडील शाळेत आले, उभे राहिले, म्हणजे त्यांना कदर होती. कमी पडलो तो मी. एक वेळापत्रक बदलायचे होते. मी त्याचे नाव 'जिद्द' ठेवले आणि मोकळा झालो.

तेव्हापासून मी 'जिद्द' हा शब्द जपून वापरतो. जिद्द लागतेच, पण ज्याची वाट लांब, त्याच्याकडून आपण दुप्पट जिद्द मागतो, आणि ज्याची वाट जवळ, त्याला निम्म्या जिद्दीवर बक्षीस देतो, हे ध्यानात येत नाही.

आईबापांसाठी दोन शब्द. अमेरिकेत बेंजामिन ब्लूम नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोहणारे, टेनिस खेळणारे, पियानो वाजवणारे, गणिती, शास्त्रज्ञ अशा १२० यशस्वी माणसांचे बालपण त्यांनी तपासले. त्यांत एक क्रम आढळला. सुरुवातीला मूल नुसते आनंदाने खेळते आणि घरचे त्याचे कौतुक करतात. मग शिस्त येते, चांगला शिक्षक शोधला जातो, घरचे वेळ आणि पैसा देतात. शेवटी मूल स्वतःच त्या विद्येला वाहून घेते. हल्ली पुष्कळ आईबाप पहिली पायरी गाळतात. आठ वर्षांच्या मुलाला भल्या पहाटे उठवून मैदानावर नेतात, आणि बाद झाला की परतीच्या वाटेवर तोंड फिरवून बसतात. अशा मुलाला खेळाची गोडी लागत नाही. त्याला हरण्याची धास्ती लागते. आधार देणे आणि ओझे देणे यांत फरक आहे. खांद्यावर हात ठेवला तर तो आधार; त्याच हाताने दाबले तर ते ओझे.

मग तुम्ही काय करावे? फार मोठे काही नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत गेलात की गुणपत्रिकेबरोबर एकदा पी.टी.चा तासही विचारा. तो खरोखर होतो का? खेळ निवडताना लहानपणी एकाच खेळाला जखडू नका. बाराव्या वर्षापर्यंत पळू दे, पोहू दे, खो-खो, कबड्डी, जे गावात असेल ते खेळू दे. जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळण्याची सोय आहे, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी शेकडा ५ जागा राखीव आहेत; ही माहिती ज्या घरात पोचत नाही त्या घरात पोचवा. शेजारची मुलगी तुमच्या मुलाबरोबर सरावाला जात असेल, तर परत येताना दोघांना बरोबर आणा. आणि मुलगा हरून घरी आला, तर आधी ताट वाढा; निकाल नंतर विचारा.

खाशाबा हेलसिंकीहून परत आले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. फार सुंदर दृश्य असले पाहिजे ते. पण मी जेव्हा जेव्हा ते डोळ्यांपुढे आणतो, तेव्हा मनात येते की या गाड्या पदक मिळाल्यावर निघाल्या. पदक नव्हते तेव्हा गावकऱ्यांच्या वर्गणीचे चार पैसे होते, आणि गहाण पडलेले एक घर होते. मिरवणुकीला माणसे कधी कमी पडत नाहीत. आधीच्या वाटेवर ती कमी पडतात.

तुमच्या आळीतून, वाडीवरून, पाड्यावरून एखादे मूल रोज सकाळी धावत जात असेल. उद्या त्याला थांबवून एवढेच विचारा, "बाळ, परत कसा जातोस? गाडी आहे का?" एवढा एक प्रश्न मी विचारायचा राहिलो. तुम्ही तरी राहू नका.